यंत्राची पाठ आणि आप्पांची मान

चौसाळा,
२० मार्च १९९९

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चि. संगमेश्वर यास महारुद्रमामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू अर्धा वेळ "हं मामा" म्हणतोस आणि उरलेला अर्धा वेळ गिऱ्हाइकाला गूळ दाखवतोस. शिवाय फोनवर आकृती काढता येत नाही. म्हणून हे पत्र. माझा पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे. तेव्हा तुमच्या युसूफ वडगाव गावी येऊन तुझ्या कॉम्प्युटर यंत्राचे पोट स्वतःच्या हाताने उघडावे, हे सुख तूर्त माझ्या नशिबी नाही.

आरंभी एक कोडे घालतो. उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर सुरू केला की प्रथम स्वर्ग अवतरतो. थोड्याच वेळात अंग चिकचिकते, उशी ओलसर लागते, डब्याबाहेर राहिलेला पापड मऊ पडतो आणि माणूस कूलरच्या कंपनीचा उद्धार करू लागतो. तेवढ्यात कोणीतरी समोरची खिडकी उघडी टाकून जाते. बाहेर ऊन रणरणत असते. न्यायाने खोली तापायला हवी. प्रत्यक्षात ती गार होते! बाहेरच्या भट्टीकडे खिडकी उघडली आणि आत गारवा आला, हे कसे?

उत्तर असे. कूलर हवा आत ढकलतो, पण आत आधीचीच हवा ठाण मांडून बसलेली असते. तिला निघायला वाट नसेल, तर नवी हवा शिरणार कुठे? एसटीचे मागचे दार बंद ठेवून पुढच्या दाराने प्रवासी कोंबले तर जे होते, तेच खोलीत होते. कंडक्टर ओरडतो, घाम फुटतो, गाडी हलत नाही. खिडकी उघडली की शिळी, दमट हवा उतरून जाते आणि ताजी चढते.

आता हाच नियम तुझ्या डब्याला लाव. तुझ्या त्या औरंगाबादच्या मित्राने, रविने, प्रोसेसर कंपनीने सांगितल्यापेक्षा वेगाने पळवायचे ठरवले, आणि तो तापू लागल्यावर आंब्याच्या पेटीएवढ्या डब्यात कूलरचा छोटा पंप, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि भंगारातल्या मोटारीच्या हीटरची जाळी बसवून दिली. हे ऐकून मला भीती वाटायला हवी होती; मला मात्र त्याचा हेवा वाटला. परंतु एक गोष्ट मनात पक्की कर: पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. पाणी हा हमाल आहे. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या तांब्याच्या ठोकळ्यापाशी तो उष्णतेचे पोते उचलतो, नळीतून चालत जाळीपाशी जातो आणि तिथे ते हवेच्या खांद्यावर देतो. हवेने ते डब्याबाहेर नेले नाही, तर हमाल बिचारा तेच पोते पाठीवर घेऊन परत येतो.

रविची मांडणी योग्य आहे. पुढचा पंखा हवा आत घेतो; मागे जाळी, आणि तिच्या मागचा पंखा हवा बाहेर फेकतो. एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. मग यंत्र दुपारी धापा टाकून बंद का पडते? मला एकच संशय आहे. तुझी आई सांगत होती की तुझ्या बहिणीने, रुद्राणीने, यंत्राला क्रोशाचे झाकण विणले आहे, पोपटांच्या नक्षीचे. ते झाकण डब्याच्या पाठीवरूनही लोंबते काय?

ताबडतोब पाहा. दाजींनी, म्हणजे तुझ्या आप्पांनी, तुला अक्षय्यतृतीयेपर्यंतची मुदत दिली आहे, हे मला ठाऊक आहे. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने सगळी लग्ने वैशाखात कोंबली आहेत. त्यात रुद्राणीची लग्नपत्रिका तुझ्या यंत्रावर सुरळीत झाली तर दुकानाचा तो कोपरा तुझा. नाही तर तिथे सरकीच्या पेंडीची पोती. पेंडीपुढे आपण हरता कामा नये.

तुझा,
महारुद्रमामा

*

युसूफ वडगाव,
२६ मार्च

ती. मामांना शरणार्थ.

मामा, तुमी बसल्या जागी पोपट धरले. झाकण मागून पार टेबलापर्यंत लोंबत होतं आन जाळीचं तोंड त्याच्यात गुंडाळलेलं. काढलं. रुद्राणी रुसली. म्हनली, "माझे पोपट गरम होतेत व्हय रे दादा? सासरी जायच्या आधीच माझी वस्तू घराबाहेर काढायलास."

पन यंत्र काय पळालंय म्हनता! दुपारभर चालू. डब्याच्या मागून असा गरम वारा सुटला की विचारू नका. आता तुमाला आमच्या दुकानाची रचना ठाऊक हाय. यंत्राचं तोंड माझ्याकडं, पाठ आप्पांच्या गादीकडं. सगळा वारा थेट आप्पांच्या मानेवर. आप्पा गिऱ्हाइकासमोर मला म्हनले, "हे यंत्र हाय का चुलाण बे? माझ्या मानेवर कावून फुंकायलंय?" मी म्हनलं, मामा म्हनतेत हीच त्याच्या तब्येतीची खूण हाय. तर म्हनले, "त्याची तब्येत सुधारली, माझी बिघडली. तुझ्या मामाला सांग, गादीवर येऊन बस म्हनावं."

हसले मात्र न्हाईत. पत्रिकेचा मजकूर अजून घरात ठरायलाय. चुलत्यांची नावं कुनाच्या आधी कुनाची, याच्यावरून.

तुमचा,
संगमेश्वर

*

युसूफ वडगाव,
४ एप्रिल

ती. मामांना शरणार्थ.

मामा, घात झाला. यंत्र पुन्हा बंद पडायलंय, आन आधीपेक्षा लवकर. पत्रिका लिहायला घेतली की गणपती येतो, कुलदैवत येतं, "चि. सौ. कां. रुद्राणी" येती, आन नवरदेव यायच्या आत पडदा काळा. चारदा झालं. रुद्राणी मागं उभी राहून म्हनती, "दादा, तुझ्या यंत्राला आमचे पाहुणे पसंत न्हाईत का?" ती हसत होती, पन डोळे हसत नव्हते. आप्पांनी कालच केजच्या छापखान्यावाल्याचं नाव काढलं. आन पेंडवाल्याला निरोप गेलाय की जागा होईल म्हनून.

मी सगळं तपासलं. पोपट न्हाईत. मागं काही अडलेलं न्हाई. पंखे दोन्ही फिरतेत. एक नवीन गोष्ट हाय: पंपातून गुळगुळ आवाज येतो, पोटात गडबड असल्यासारखा. हेच असंल का? लवकर कळवा. पत्र बस-कंडक्टरच्या हाती देतोय.

संगमेश्वर

*

चौसाळा,
६ एप्रिल

चि. संगमेश्वर यास आशीर्वाद.

गुळगुळ! वा! या एका शब्दात तू संपूर्ण रोग सांगितलास. नळ्यांत हवा अडकली आहे.

नीट ऐक. पाण्यात सापडलेली हवा नेहमी सर्वांत उंच जागा गाठते. लग्नात मानाच्या खुर्चीकडे सरकणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखी. ती उंच जागा जर पंपाची असेल, तर पंपाचे पाते पाण्याऐवजी हवेतच फिरत राहते. आवाज पुष्कळ, काम शून्य. हमाल गोदामातच झोपला म्हणून समज. म्हणून पंप सर्वांत खाली असावा, नळीला जोडलेली पाण्याची बाटली सर्वांत वर, आणि जाळी त्या दोघांच्या मध्ये. बुडबुडे वर चढत बाटलीत जातात आणि तिथे निरुपद्रवी होऊन राहतात.

कृती अशी कर. विजेची तार काढ. पंप डब्याच्या तळाशी घे. बाटली वर बांध. बाटलीचे झाकण सैल ठेवून डबा बाळाच्या पाळण्यासारखा हळूहळू झुलव. नळ्या बोटांनी दाबत जा. बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबले की पाण्याची पातळी भरून झाकण लाव. पाणी साधे बोअरचे घालू नकोस. तुमच्याकडच्या पाण्याने कूलरच्या गवती ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच जाळीत चढेल. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी घाल.

हे केल्यावर चूक उरणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तुझा मामा

*

(पोस्टकार्ड)

युसूफ वडगाव, १० एप्रिल

मामा, शरणार्थ. सांगितलं तसं सगळं केलं. गुळगुळ पार थांबली. आता यंत्र शांततेत बंद पडतं. छातीवरचा हात काढा. मुदत जवळ आली. — संगमेश्वर

*

युसूफ वडगाव,
११ एप्रिल

मेव्हणे महारुद्रअप्पा यांस बंकट याचा शरणार्थ.

पाय कसा हाय? तुमच्या भैनीनं शेवग्याच्या शेंगा पाठवल्यात, कंडक्टरनं निम्म्या खाल्ल्या नसल्या तर मिळतील.

आता कामाचं. पोराला पत्रं लिहून चेव देऊ नका. तुमी शिकले-सवरलेले, तुमचं खरं असंल. पन हे पोरगं आता यंत्राला मांडीवर घेऊन झुलवायलंय. शेजारचा शहादेव दुकानात येऊन म्हनला, "आप्पा, बारसं कधी?" मी कुनाकुनाला तोंड देऊ? घरात पोरीचं लगीन, आन पत्रिकेत नवरदेव येईना. उद्या तिच्या सासरचे इचारतील, आमच्या पोराचं नाव कावून न्हाई, तर काय सांगू, डबा गरम हाय म्हनून?

तुमाला वाटंल मी यंत्राचा दुष्मन हाय. न्हाई. रोज सकाळी तराजूला, गल्ल्याला आन यंत्राला उदबत्ती मीच लावतो. भस्माची तीन बोटं मीच ओढलीत त्याच्यावर. पोराला हे सांगू नका, पन मला यंत्र आवडायलंय. आधी लई मुजोर होतं. मागून उदबत्ती दाखवली की धूर माझ्या तोंडावर फेकायचं, आन दिवसभर मानेवर गरम फुंकायचं. मग एक दिवस पोरगं माजलगावला गेलतं तवा मी मुंजाजी वायरमनला बोलावून त्याची खोड मोडली. तवापासून कसं गरीब गाईवानी हाय. मानेला वारा न्हाई. उदबत्ती पुढून दाखवा, मागून दाखवा, धूर हळूहळू आत घेतं. देव धूप घेतो म्हनल्यावर आपन दुसरं काय बोलावं?

पन चालत न्हाई हे बी खरं हाय. तृतीयेला पेंड उतरणार.

आपला,
बंकट

*

चौसाळा,
१३ एप्रिल

ती. दाजी यांस महारुद्रचा साष्टांग शरणार्थ.

शेंगा पोचल्या. कंडक्टर प्रामाणिक निघाला.

दाजी, तुमचे पत्र वाचून मी खुर्चीत एवढा उसळलो की प्लॅस्टरला तडा जायचा राहिला. पंपाच्या बुडबुड्यांविषयी मी तुमच्या चिरंजीवास जे ठणकावून लिहिले, ते खरे असले तरी या रोगाला लागू नव्हते. खरा रोग तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात आणि त्याला भक्ती म्हणालात. मुंजाजीने तुमच्या सांगण्यावरून मागचा पंखा काढून उलटा बसवला ना?

रागावू नका. कल्पना अगदी मूर्खपणाची नव्हती. तेवढीच पाहिली तर तिच्यात तथ्य आहे. मागच्या पंख्याने बाहेरची ताजी हवा थेट जाळीवर घेतली, तर जाळी गार राहते. मोटारीत हेच करतात. परंतु मग ती हवा जाळीची उष्णता घेऊन डब्यात शिरते, आणि तिथून तिला निघायला दुसरी वाट हवी. तुमच्या डब्यात पुढचा पंखाही आतच फुंकतो. आता पुढूनही हवा आत, मागूनही आत. बाहेर पडायला फक्त बारीकसारीक फटी. दोन माणसे एकाच अरुंद बोळात दोन टोकांनी शिरू पाहत आहेत आणि दोघेही "आधी मी" म्हणत आहेत. पंखे फिरतात, हवा जागच्या जागी उभी. पाण्याचा हमाल रिकामा व्हायला येतो आणि भरलेलाच परत जातो. म्हणूनच धूर आत जाताना "हळूहळू" जातो.

तुमचा देव दोन्ही तोंडांनी धूप घेतो आणि कोणत्याही तोंडाने सोडत नाही. दाजी, हे प्रसन्नतेचे लक्षण नव्हे. हे अपचन आहे.

तुमच्या मानेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि रविने व मी दोघांनीही त्याचा विचार केला नाही. गरम हवा कुठून काढायची एवढेच आम्ही पाहिले. ती कोणावर सोडायची हे पाहिले नाही. उपाय सोपा आहे. मागचा पंखा पूर्ववत करा. मग गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून त्याचे कोपरासारखे वळण करा. खालचे तोंड पंख्यावर बसवा, वरचे तोंड भिंतीतल्या झरोक्याकडे वळवा. नळकांडे कुठेही पंख्याहून अरुंद करू नका, नाही तर हवा पुन्हा अडून बसेल. गरम हवा तशीही वर जाणारीच असते; झरोका तिला हसत वाट देईल आणि तुमची मान सुटेल.

हे संगमेश्वरला मी लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. पंखा कोणी फिरवला हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. मुलीच्या लग्नाआधी घरात बापलेकांचे महाभारत नको. पेंडवाल्याला मात्र थोडे थांबवा.

आपला,
महारुद्र

*

युसूफ वडगाव,
अक्षय्यतृतीया, १८ एप्रिल

ती. मामांना शरणार्थ.

सोबत पत्रिका हाय. आधी ती बघा, मग पुढं वाचा.

बघितली? नवरदेव हाय का न्हाई? चि. वीरभद्र, पूर्ण, आडनावासकट, वडलांच्या नावासकट! सहा चुलते बी मावले. रुद्राणीनं पडद्यावर त्याचं नाव बघितलं, गेली आन क्रोशाचे पोपट आनून माझ्या खुर्चीच्या पाठीवर घातले. म्हनली, "आता इथं तरी राहू दे."

पन मामा, झालं ते नवल ऐका. परवा आप्पा स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले! म्हनले, "सरक बे, मेव्हण्यानं मला मंतर दिलाय." मागचा पंखा काढला, फिरवून लावला. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून झरोक्यापर्यंत धुराडं केलं. दुपारी ऊन चढलं, यंत्र चालूच! पंखा उलटा कुनी बसवला होता म्हनून मी इचारलं, तर म्हनले, "तुझा तो रवि. अर्धवट शिकलेला." मी म्हनलं, आप्पा, पोपट काढल्यावर तर तो बाहेर फुंकत होता, मग रवि येऊन गेला कधी? तर गिऱ्हाईक नसताना गूळ जोखायला लागले. मामा, तुमाला ठाऊक हाय. मला बी ठाऊक हाय. आप्पांना वाटतं कुनालाच ठाऊक न्हाई. राहू द्या तसंच.

पेंड आली होती. आप्पांनी टेम्पोवाल्याला बाहेरच्या बाहेर मागच्या खोलीकडं वळवलं आन म्हनले, "तिकडं लावा, इथं कॉम्प्युटर बसलाय." बसलाय म्हनले मामा, ठेवलाय न्हाई.

खाली आप्पांना काहीतरी लिहायचं हाय. मला बघू देईनात.

तुमचा,
संगमेश्वर

ता. क. मेव्हणे, बंकट लिहितो. मान सुटली. धन्यवाद. पन एक सल हाय. आता मागून उदबत्ती दाखवली की धुराड्याच्या फटीतून पुन्हा माझ्याच तोंडावर धूर येतो. पोराला कोपरा दिला, पेंड हलवली, एवढं करून देव माझ्यावरच रुसला का? शहादेव बघत होता म्हनून मी खोकला आल्यावानी केलं. खरं सांगा.

*

चौसाळा,
२१ एप्रिल

ती. दाजी यांस शरणार्थ.

पत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली. अक्षरे ठसठशीत, नवरदेव सुखरूप. प्लॅस्टर निघो वा न निघो, लग्नाला मी येणारच. गाडीतून उतरवून घ्यायला चार माणसे तेवढी ठेवा.

आता तुमच्या सलाविषयी. देव रुसलेला नाही. तुम्ही त्याला पाठीकडून धूप दाखवीत आहात. जो दिवसभर तिकडून निःश्वास सोडतो, तो तिकडून धूप घेणार कसा? तुम्ही जेवणाऱ्या पाहुण्याच्या पाठीवर घास ठेवता काय? उद्यापासून उदबत्ती पुढून दाखवा, संगमेश्वरच्या खुर्चीजवळ उभे राहून. धूर चटकन आत जाईल. पूर्वीसारखा रेंगाळत नव्हे. एवढ्यासाठी तुम्हाला रोज सकाळी गादीवरून उठून मुलाच्या कोपऱ्यात जावे लागेल, हे मी जाणून आहे. त्यात माझा काही बेत नाही, असे मी म्हणणार नाही.

भस्म मात्र पंख्याच्या तोंडाशी लावू नका. ते आत ओढले जाऊन जाळीत बसते. डब्याच्या माथ्यावर ओढा, तो मान मोठा.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर आज दुपारी घरी एक करून पाहा. लग्नघरात पाहुणे झोपवायचे आहेत, तेव्हा उपयोगीच पडेल. कूलर सुरू करा. दारे लावा. समोरच्या भिंतीतली एकच खिडकी हातभर उघडा आणि तिच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर बाहेरच्या उन्हाकडे वाकला, तर कूलर आपले काम करतो आहे, निवांत झोपा. धूर सरळ वर गेला किंवा खोलीतच घुटमळला, तर खिडकी आणखी थोडी उघडा, आणि धूर बाहेर वळेपर्यंत उघडत राहा.

आपला,
महारुद्र